अंधाराची पाच मिनिटं

१

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मी खोटं बोलते. शेजारच्या खोलीत माझा भाचा वैभव राहतो, त्याच्याशी. तसं बोलायची काही गरज नाही. लालबागच्या चाळीतली ही खोली माझी स्वतःची, मी त्रेसष्ट वर्षांची, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली. मला कोण विचारणार? पण सवय मेली जात नाही. "भजनाला चालले रे," असं गॅलरीतून ओरडून मी दोन वाजता निघते, बसने गिरगावात उतरते आणि फणसवाडीतल्या वाचनालयाचा जिना चढते. वरच्या हॉलमध्ये तीन वाजता सिनेमा असतो.

मेघना त्याला क्वीअर सिनेमा म्हणते. मी आपला सिनेमा म्हणते. बाईवर जीव लावणाऱ्या बायका, पुरुषावर जीव लावणारे पुरुष, जन्मले एक म्हणून आणि जगले दुसरं होऊन अशी माणसं. सिनेमे कुठकुठल्या देशांतले असतात, पण रडतात सगळे आपल्यासारखेच. मेघना माटुंग्याला कॉलेजात शिकवते. पस्तिशीची आहे, गळ्यात मोठाले मणी घालते आणि बोलायला लागली की थांबत नाही. पडद्यावर खाली मराठी ओळी येतात त्या ती आणि तिच्या मैत्रिणी रात्री जागून लिहितात. मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते तेव्हा तिने चिकटवलेला कागद वाचला आणि तीन आठवडे नुसती धडधड सोसली. मग गेले एकदाची.

पहिल्याच दिवशी मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, सिनेमा संपला की लगेच दिवे लावू नकोस बाई. पाच मिनिटं अंधार ठेव. ज्याला तोंड न दाखवता जायचंय त्याला जाऊ दे. तिला ते पटलं. तेव्हापासून तो नियम झाला, आणि त्याला जोडून दुसराही झाला. कुणी कुणाला नाव विचारायचं नाही आणि बरोबर कोण आलंय हे तर मुळीच विचारायचं नाही. ज्याला ओळख द्यायची असेल तो आपणहून देईल. बाकीच्यांनी खाली जाऊन चहा घ्यावा.

मी कधी चहाला थांबले नाही. अंधार झाला की पिशवी उचलायची आणि भिंतीला हात लावत जिना उतरायचा.

२

फेब्रुवारीत माझा गुडघा आखडला. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, आणि मला उठताच येईना. मी नेहमी शेवटच्या ओळीत उजव्या टोकाला बसते. माझ्या उजवीकडे पुस्तकांचं कपाट आणि कपाटाला टेकवून ठेवलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. म्हटलं, बसू या. पाच मिनिटांनी दिवे लागतील, लोकांना माझं तोंड दिसेल. दिसू दे.

माणसं उठत होती, चपला घासत दाराकडे जात होती. आणि माझ्या उजव्या हातावर कुणीतरी हात ठेवला.

मी दचकले नाही. खरं सांगते, बरं वाटलं. गुडघा धरून बसलेली म्हातारी पाहून कुणीतरी थांबलं असेल, असं वाटलं. बाईचाच हात होता, मऊ, गार, नखं कापलेली. बोलायची रीत नव्हती म्हणून मीही बोलले नाही. तो हात तसाच राहिला आणि मी माझी बोटं त्याच्यात घातली. तीन वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता, डॉक्टरने नाडी बघायला धरला तेवढाच.

दिवे लागायच्या जरा आधी तो निघून गेला. लख्ख उजेड पडला तेव्हा मी उजवीकडे पाहिलं. तिथे खुर्ची नव्हती. कपाटाला टेकलेल्या घडीच्या खुर्च्या होत्या तशाच होत्या. त्यातली एक उघडायची म्हटली तर किंचाळते, सबंध हॉल मान वळवून बघतो.

बसमध्ये मी स्वतःला समजावलं. ती उभी असेल. वाकून हात धरला असेल. पाच मिनिटं वाकून कोण उभं राहतं, हे मात्र मला समजावता आलं नाही.

३

आता शांतीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शांती कोळीण. दादरच्या बाजारात मासे विकायची. मी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि बावीस वर्षं अडकले. काळी, थोराड, आवाज असा की समोरच्या रस्त्यावरचा माणूस थांबायचा. नवरा लवकर गेला होता, पोर नव्हतं. ती माझ्या खोलीवर येऊन राहायला लागली तेव्हा चाळीत सांगितलं की ही माझी मावसबहीण. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. बायका म्हणायच्या, "तोंडावळा काही जुळत नाही हो तुमचा." जुळणार कुठून? मी गोरी किडमिडीत, नाक पोपटासारखं. ती माझ्या दुप्पट. आम्ही रात्री त्यावर हसायचो.

पण तिला ते सलायचं. ती मला म्हणायची, "एकदा तरी बोल गो कमल. कुणासमोरपण बोल. भाजीवाल्यासमोर बोल, मी तुझी कोण ते." मी म्हणायची, बोलेन. घाई काय आहे?

सरकारी इस्पितळात तिचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा मी तिचा उजवा हात धरून बसले होते. तिच्या उजव्या अंगठ्याला विळीने कापल्याचा जाड वण होता, तो मी माझ्या बोटाने चाचपत बसायची. नर्स आली, कागद भरायला. तिने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

मी म्हटलं, "मावसबहीण."

शांती जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता हात सोडवून घेतला, हळूच, आणि पांघरुणात घातला. तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या माहेरच्या कोळीवाड्यात दहाव्याला मी शेजारणींमध्ये मागे बसले होते. एक फोटोसुद्धा मागता आला नाही. आम्ही दोघींनी मिळून कधी काढलाच नव्हता. भीती. दुसरं काय?

ते सोडवून घेणं माझ्या हातावर अजून आहे. मला दुसरं काही नको होतं. एकदा कुणासमोर तरी बोलायचं होतं, आणि बोलायला ती उरली नव्हती.

४

मार्चमध्ये गुडघा ठीक होता. तरी मी उठले नाही.

हात आला. या वेळी मी नीट लक्ष दिलं. मी एकतीस वर्षं हेडफोन लावून बसलेली बाई आहे. ट्रंक कॉलच्या काळात दोन गावांमधल्या माणसांच्या मध्ये बसून मी नुसत्या श्वासावरून ओळखायची की हा खोटं बोलतोय, ही रडायच्या बेतात आहे. माझ्या पलीकडे कुणी बसलं तर मला त्याचा श्वास ऐकू येतो, पंख्याची घरघर असली तरी येतो.

इथे श्वास नव्हता.

मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण वय झालंय, कान गेले असतील, असं मनाला म्हटलं आणि बसून राहिले. शिवाय हात मऊ होता. हळूच पुटपुटले, रीत मोडून. म्हटलं, तुमचे हात किती मऊ आहेत हो. माझ्या शांतीचे खरबरीत होते. बर्फात आणि मिठाच्या पाण्यात जन्म गेला तिचा. तळवा असा कडक, आणि डाव्या अंगठ्याला विळीचा वण, हा एवढा.

घरी भात लावताना जीभ चावली. डावा नव्हे, उजवा. मी त्या बाईचा डावा हात चाचपत होते ना, म्हणून डावा म्हणून गेले. एवढ्याशा चुकीचं इतकं वाईट वाटलं की भात करपला. तीन वर्षांत मी तिचा अंगठा विसरले.

५

एप्रिलमध्ये सिनेमा होता डोंगरातल्या गावात कोंबड्या पाळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा. त्यातली एक दुसरीला रोज अंडं उकडून देते आणि दोघी सबंध सिनेमाभर भांडतात. मी अर्धा सिनेमा पाहिलाच नाही. अंधाराची वाट पाहत होते.

हात आला तो खरबरीत होता. तळवा कडक. मी माझं बोट हळूहळू त्याच्या अंगठ्याकडे नेलं. नेऊ नये असं वाटत होतं आणि बोट जात होतं. अंगठ्याच्या पेरावर वण होता, जाड, शांतीचा होता तसाच.

डाव्या अंगठ्यावर.

मी हात काढून घ्यायला पाहिला, आणि मग काढला नाही. मुंबईत मासे कापणारी बाई काय एकच असते? दुसरी असेल, तिलाही कापलं असेल. गेल्या महिन्यात तळवा मऊ होता? तर मलाच तसं वाटलं असेल. असं सगळं एकामागून एक मनात येत होतं, आणि त्याच्या खाली एकच गोष्ट ठाम होती. ही शांती नाही. शांतीला स्वतःचा अंगठा माहीत होता. हिला मी सांगितलेला माहीत आहे.

तरी मी पाचही मिनिटं बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

दिवे लागल्यावर मी पहिल्यांदाच खाली चहाला गेले. शेवंतीताई म्हणून एक आहेत, शिवणाचे क्लास घेतात, त्या कप घेऊन माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, आज थांबलात, छान वाटलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या कधी चहाला येत नाहीत का?"

मी विचारलं, कोण माझ्या?

त्या गोंधळल्या. त्यांना वाटलं आपण नियम मोडला. म्हणाल्या, माफ करा हं, विचारायला नको होतं. तुमच्या शेजारी बसतात त्या, अंधारात नुसता डोक्यावरून घेतलेला पदर दिसतो. आम्ही सगळे समजून आहोत, म्हणून तर कुणी बोलत नाही. मी कप खाली ठेवला. तीस माणसांनी तिला पाहिलं होतं आणि एकानेही, ही कोण, असं विचारलं नव्हतं. आपल्या माणसांना सभ्यपणा शिकवला तो मीच.

तेवढ्यात मेघनाने टाळी वाजवून सगळ्यांना सांगितलं की जूनपासून अंधार बंद. आता त्या पाच मिनिटांत कुणी उठून जातच नाही, सगळे नुसते बसून राहतात. लपायचे दिवस गेले, असं ती हसून म्हणाली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेचा तिसरा रविवार शेवटचा. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, चालेल ना मावशी?

मी म्हटलं, चालेल. मनात म्हटलं, तुझं काय जातंय?

६

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. जाऊ नये, असं सकाळी ठरवायची. दुपारी वाटायचं, पाच मिनिटं उरलीत, तीही सोडू? ती शांती नाही हे पक्कं होतं. पण तिच्याशिवाय शांतीबद्दल ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

हात सांगून झाला होता. चेहरा सांगायचा राहिला होता. आणि चेहरा आठवायला बसले तर माझ्याजवळ चेहरा नव्हता. आवाज आठवायचा, शिव्या आठवायच्या, केसांतला खोबरेल आणि बांगड्यांना येणारा माशांचा वास आठवायचा. नाक कसं होतं? हनुवटीवर गोंदण होतं की गालावर? रोज आरशासमोर उभी राहून आठवायची आणि आरशात मीच दिसायची. माणूस जाऊन तीन वर्षं झाली नाहीत तर चेहरा जातो. फोटो नसला की असंच होतं.

मेच्या तिसऱ्या रविवारी पडदा काळा झाला आणि हात आला. मी सांगायला सुरुवात केली.

कपाळ मोठं, म्हटलं. कुंकू ठसठशीत, नवरा गेला तरी लावायची. भुवया जाड. डोळे… डोळे बारीक, हसताना मिटायचे. इथवर नीट होतं. नाकाशी आले आणि अडले. पंखा फिरत होता. पुढच्या ओळीतला एकजण खोकला. मला घाई झाली, मिनिटं संपत होती, आणि मी जे सुचेल ते सांगत सुटले, नाक असं, गाल असे, हनुवटी अशी. काय सांगितलं ते आता विचाराल तर सांगता येणार नाही. हात माझ्या हातात होता आणि दर शब्दाला जरासा घट्ट होत होता.

मग दिवे लागले.

दर वेळी तो आधीच जायचा. या वेळी गेला नाही. उजेडात माझ्या मांडीवर माझा हात होता आणि त्यात तो, काळा, खरबरीत. मी मान वळवली नाही. समोरच्या पडद्याकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडेला नुसता पदर दिसत होता, हिरवा, आणि तो हलत नव्हता.

मेघना दाराजवळच्या बटणापासून आमच्याकडे आली. हसत आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी, मग परत माझ्याकडे. अंधार संपला होता, नियम संपला होता, तिला आता विचारायला मोकळीक होती.

"बहीण का, मावशी, तुमची?" तिने विचारलं. "नाक, हनुवटी, सगळं तुमचंच आहे."

त्याच क्षणी हात सुटायला लागला. हळूच, बोटामागून बोट. मला ते सुटणं पाठ होतं. तीन वर्षं तेच घेऊन मी जगत होते. ही शांती नाही, हे मला माहीत होतं, त्या घटकेलाही माहीत होतं. पण हात सुटत होता आणि समोर कुणीतरी विचारत होतं.

"बहीण नाही," मी मोठ्याने म्हटलं. "माझी बायको आहे ती."

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. माझ्या हातातला हात घट्ट मिटला.

७

जिन्यावर शेवंतीताईंनी आम्हाला वाट दिली. बसमध्ये कंडक्टरने न विचारता दोन तिकिटं दिली. गॅलरीत वैभव उभा होता, तो पटकन बाजूला झाला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, या कोण?" मी कुलूप काढायला लागले. जे बोलायचं होतं ते एकदाच होतं आणि ते मी बोलून आले होते. शांतीने बावीस वर्षं मागूनही तिला दिलं नाही, ते हिला देऊन आले.

आज आठ दिवस झाले. संध्याकाळ झाली तरी मी खोलीत दिवा लावत नाही. कपाटाचा आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय. तिचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. मेघनाने पाहिलंय, वैभवने पाहिलंय. तो आता गॅलरीतून जाताना माझ्या दारासमोर पाय उचलतो आणि आत बघत नाही.

मेघनाचा फोन येतो. तुम्हा दोघींना जूनमध्ये पहिल्या ओळीत बसवणार, म्हणते. तिच्या आवाजात इतका आनंद असतो की मला काही सांगवत नाही. फोन कानाला लावला की तिचा श्वास ऐकू येतो. ठेवला की खोलीत एकच श्वास असतो, माझा.

काल मी हिला म्हटलं, वण उजव्या अंगठ्याला होता गं. नाकही असं नव्हतं. चुकले मी. हिने ऐकून घेतलं. मी हात काढायला पाहिला. शांती असती तर तिनेच आधी सोडवून घेतला असता. ही सोडत नाही.